पास झाला, पण काय आले? पुणे जिल्ह्याच्या शाळेची दोनशे वर्षे

वार्षिक निकालाचा दिवस उजाडला की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "पास झाला का?" उत्तर होकारार्थी आले की पेढे वाटले जातात आणि प्रगतिपुस्तक पुढल्या वर्षापर्यंत ट्रंकेच्या तळाशी जाऊन पडते. मुलाला वाचता किती येते, हिशेब किती जमतो, हे त्या दिवशी सहसा कोणी विचारत नाही. यात पालकांना दोष देण्याचे कारण नाही. परीक्षा ही गोष्ट आपल्या जिल्ह्यात ज्या वाटेने आली, त्या वाटेनेच आपल्याला हा प्रश्न शिकविला आहे. ती वाट कोणती, आणि तिच्यावर वेगळा प्रश्न विचारणारे कोण भेटले, हे पालकांनी आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पंतोजींची शाळा आणि मकतब

इंग्रजी अंमल येण्यापूर्वी मावळात शाळा नव्हत्या असे नाही. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या ओसरीवर पंतोजींची शाळा भरत असे. धूळपाटीवर अक्षर गिरवणे, मोडी वाचणे व लिहिणे आणि तोंडी हिशेब हा तिचा सारा अभ्यासक्रम. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी ही उजळणी मुले सायंकाळी एका सुरात म्हणत. पंतोजींना मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. इयत्ता नव्हत्या, छापील पुस्तक नव्हते आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. मुलगा पेढीवर किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरात कामाला बसला, म्हणजे त्याची परीक्षा तेथे होई.

मशिदीच्या आवारात मकतब भरे. तेथे पवित्र कुराणाचे पठण शिकविले जाई आणि कोठे कोठे फारसीही. मावळातील आपल्या घरांपैकी मुलाणी हा गावगाड्यातील बलुतेदार. तांबोळी, अत्तार, शेख ही घरे व्यापार, शेती किंवा चाकरी यांवर जगणारी. घरात दख्खनी बोली आणि शिवारात मराठी, अशी त्यांची दुहेरी भाषा. मकतबात जे शिकविले जाई त्याने दीन सांभाळला जाई. पण वाण्याच्या वहीतला आकडा वाचण्यासाठी पंतोजीकडेच जावे लागे. या दोन शाळांतील अंतर हा पुढल्या दोनशे वर्षांचा आपला प्रश्न आहे.

इ.स. १८२४ ते १८२९ या काळात मुंबई सरकारने इलाख्यातील देशी शाळांची पाहणी केली. तेव्हा सुमारे १,७०० शाळा व ३५ हजार विद्यार्थी यांची नोंद झाली. त्यांत मुली जवळजवळ नव्हत्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना या ओसरीवर जागाच नव्हती. जुन्या शाळेचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरता कामा नये.

खाते, सेस आणि दिपोटी

१८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणखाते स्थापन झाले. १८६३ मध्ये शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा असा लोकल सेस बसविण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी ठरला. म्हणजे ज्या शेतकऱ्याने कधी शाळेची पायरी चढली नव्हती, त्याच्याच पैशावर खेड्यातील सरकारी शाळा उभी राहिली.

या शाळेने तीन नव्या गोष्टी आणल्या. पहिली, इयत्ता. दुसरी, क्रमिक पुस्तक. मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली तयार झालेली मराठी पुस्तके पुण्यापासून खेड्यापर्यंत एकसारखी वापरली जाऊ लागली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरची तपासणी. लोकांच्या तोंडी हा अधिकारी 'दिपोटी' झाला. दिपोटी येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुले धुतलेले कपडे घालून येत आणि पाठ केलेले धडे पुन्हा पुन्हा घोकले जात.

याच सुमारास इंग्लंडात एक पद्धत सुरू झाली होती. १८६२ पासून तेथील प्राथमिक शाळांना मुलांच्या परीक्षेवर अनुदान मिळू लागले. अधिकाऱ्याने प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन व अंकगणित तपासावयाचे आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके पैसे शाळेला द्यावयाचे. निकालावर पैसे देण्याची ही रीत मुंबई इलाख्यातही १८६५-६६ च्या सुमारास खाजगी शाळांच्या अनुदानासाठी आली. दिसायला हा व्यवहार चोख होता. परंतु ज्या विषयाला पैसे नाहीत तो विषय कोण शिकविणार? जे मूल नापास होण्याची शक्यता, त्याच्यामागे कोण लागणार? परीक्षा येथे मुलासाठी नव्हती. ती सरकारच्या तिजोरीचा हिशेब होती. अखेर १९०४ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या शैक्षणिक ठरावाने ही पद्धत बंद करण्याचे धोरण जाहीर केले. पद्धत गेली, पण परीक्षा म्हणजे शाळेने वरिष्ठांना दाखवावयाचा हिशेब ही समजूत मात्र राहिली.

जोतीरावांची साक्ष

या हिशेबाबाहेरचा प्रश्न प्रथम विचारला तो पुण्यातच. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्या. त्या कामात त्यांच्या सोबत असलेल्या फातिमा हिचे नाव सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात येते. फातिमा शेख म्हणून आज आपण जिचा अभिमान बाळगतो ती हीच. जोतीरावांचे शिक्षण मध्येच थांबले असता ते पुन्हा सुरू व्हावे म्हणून त्यांच्या वडिलांचे मन वळविणाऱ्यांत गफार बेग मुनशी हे शेजारी होते, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

या शाळांतील मुलींची परीक्षा जाहीररीत्या होई. १८५३ साली पुण्यात झालेली अशी परीक्षा पाहावयास मोठा समुदाय लोटला होता. मुलीला वाचता येते हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहावे, हा त्या परीक्षेचा उद्देश. त्या दिवशी परीक्षा देत होता तो खरे म्हणजे समोर बसलेला समाज.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे आपले निवेदन सादर केले. खेड्यातील शाळेचा अभ्यासक्रम कसा असावा, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. बालबोध व मोडी वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची प्राथमिक माहिती, शेतीचे ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांवरील काही धडे. शिक्षकांच्या पगारात वाढ व्हावी आणि शेतकरी वर्गातून शिक्षक तयार व्हावेत, अशी त्यांची मागणी होती. तपासणीविषयी त्यांनी जे म्हटले ते तर आजही लागू पडते. वर्षातून एकदा येणाऱ्या डेप्युटीचा फारसा उपयोग होत नाही. निदान दर तीन महिन्यांनी तपासणी व्हावी आणि आगाऊ सूचना न देताही शाळा पाहिली जावी, असे त्यांचे म्हणणे. सजविलेली शाळा पाहून काही कळत नाही, शाळा रोज जशी चालते तशी पाहिली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

हंटर कमिशन आणि आपला समाज

याच कमिशनने मुसलमानांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला. मकतब-मदरशांनी ऐहिक विषयही शिकवावेत म्हणून त्यांना सढळ मदत द्यावी. मुसलमान मुलांच्या प्राथमिक शाळांसाठी वेगळा दर्जाक्रम ठरवावा. त्यांच्या शिक्षकांसाठी अध्यापनशाळा काढाव्यात. शिष्यवृत्त्या ठेवाव्यात आणि मुसलमान तपासणी अधिकारी अधिक संख्येने नेमावेत, अशा त्याच्या शिफारशी होत्या.

भाषेविषयीची शिफारस बारकाईने पाहण्यासारखी आहे. समाजाला दुसरी भाषा हवी असेल ती ठिकाणे सोडून शिक्षणाचे मुख्य माध्यम हिंदुस्थानी असावे. प्रांताची सरकारी भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकवावी. आणि अंकगणित व हिशेब मात्र त्या प्रांतभाषेतूनच शिकवावेत, असे कमिशनने म्हटले. हिशेब प्रांतभाषेत ठेवण्यामागे बाजाराचे व्यवहारज्ञान होते. परंतु 'ऐच्छिक' या एका शब्दाची किंमत मोठी होती. तलाठ्याचे दप्तर, मामलेदार कचेरी, कोर्टाचे समन्स ही सर्व आपल्या जिल्ह्यात मराठीत चालणार होती. उर्दू आपल्या घराची, दीनाची व अदबची भाषा. ती जपलीच पाहिजे. पण मराठी ऐच्छिक राहिली की कचेरीचे दार ऐच्छिक राहत नाही, ते बंद होते. महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. म्हणजे या प्रश्नाची सुटका व्हावयास जवळजवळ एकशे चाळीस वर्षे लागली.

मुळशीत परिस्थिती थोडी निराळी. येथे गावोगावी आपली थोडी थोडी घरे विखुरलेली आहेत आणि मुले गावच्याच मराठी शाळेत बसतात. त्यांना मराठी अडत नाही; उर्दू मात्र मकतबापुरती उरते. पुण्यातील उर्दू शाळेतील मूल आणि मुळशीच्या मराठी शाळेतील मूल यांची उणीव एकमेकांच्या उलट आहे. त्यांना एकच उपदेश करून भागणार नाही.

स्कूल बोर्ड आणि व्हर्नाक्युलर फायनल

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये आपल्या संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. मुसलमान विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या आश्रयाखाली कोल्हापुरात वसतिगृहही निघाले होते. ब्रिटिश मुलखात १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डाच्या स्कूल बोर्डांकडे आला. 'जिल्ह्याची शाळा' हा शब्द खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

त्या वेळी मुळशी हा एक पेटा होता व त्याचे ठाणे पौडला होते. त्याच वर्षांत येथे धरणाचे संकट कोसळले होते. १६ एप्रिल १९२१ रोजी सेनापती बापट आदींच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह सुरू झाला. भातखाचरे व गावे पाण्याखाली गेली आणि अनेक कुटुंबांना पोटासाठी मुंबईची वाट धरावी लागली. ज्यांची जमीन गेली त्यांना मुलाच्या हाती देण्यासारखे शिक्षणावाचून दुसरे काय उरले होते?

या शिक्षणाचा शेवटचा उंबरठा म्हणजे सातवीची व्हर्नाक्युलर फायनल. ती पास झालेला मुलगा शिक्षक होई, तलाठी होई. ज्या गावात एकही मुलगा फायनल झाला नाही, त्या गावाला बाहेरचा मास्तर व बाहेरचा तलाठी मिळे. परीक्षेचा अर्थ येथे पुन्हा बदलला. पूर्वी ती अनुदानाचा हिशेब होती, आता नोकरीचे फाटक झाली. फाटकाला दोनच अवस्था असतात, उघडे किंवा बंद. "पास झाला का?" हा आपला प्रश्न या फाटकापाशी जन्माला आला. ज्या घरात फायनल झालेला एक मुलगा असे त्या घराचे दैन्य फिटत असे, म्हणून तो प्रश्न त्या काळी खोटाही नव्हता.

डॉ. झाकिर हुसेन समिती

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नव्या शिक्षणाची योजना आखण्यासाठी जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण आणि त्याच्या केंद्रस्थानी सूतकताई, शेती यांसारखा एखादा हस्तोद्योग, ही तिची योजना सर्वांना माहीत आहे. १९३९ मध्ये मूलोद्योग शिक्षणाची पहिली अखिल भारतीय परिषद पुण्यातच भरली.

त्या अहवालातील परीक्षेविषयीचा भाग मात्र फारसा वाचला जात नाही. प्रचलित परीक्षापद्धती शिक्षणाला शाप ठरली आहे, असे समितीने स्पष्ट म्हटले. नुसती टीका करून ती थांबली नाही. शाळांचे काम तपासावयाचे असेल तर प्रत्येक मुलाला फाटकापाशी उभे करण्याची गरज नाही. एखाद्या क्षेत्रातील निवडक मुलांचा नमुना घेऊन त्यांची प्रगती अधिकाऱ्यांनी मोजावी, त्यावरून शाळांचे काम कळेल, असा मार्ग तिने सुचविला. मुलाची प्रगती पाहणे ही शिक्षकाची रोजची गोष्ट, आणि शाळांची तपासणी ही सरकारची गोष्ट. या दोहोंची गल्लत केल्यामुळेच मूल भरडले जाते, हे या मुसलमान शिक्षणतज्ज्ञाने १९३७ मध्ये ओळखले होते.

मूलोद्योग पुढे मागे पडला. त्याला साधने मिळाली नाहीत, शिक्षकांना तयारी मिळाली नाही, आणि पालकांनाही वाटले की चरख्याने नोकरी मिळत नाही. नमुना घेऊन तपासण्याची कल्पना मात्र अनेक दशकांनी परत आली, ते पुढे येईलच.

जिल्हा परिषद, बालभारती आणि स्कॉलरशिप

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पौडला पंचायत समिती, तिच्याकडे शिक्षण विस्तार अधिकारी, आणि पुढे १९९० नंतरच्या दशकात केंद्रप्रमुख. असा कारभार गावापर्यंत पोहोचला. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले. मराठीबरोबर उर्दूतही तेच पुस्तक निघू लागले, ही आपल्या दृष्टीने मोठी गोष्ट. मुंबईचे उर्दू मूल आणि मुळशीचे मराठी मूल एकच गणित शिकू लागले. बालभारतीची इमारत ज्या रस्त्यावर उभी आहे त्याला मुळशीच्या लढ्यातील सेनापती बापटांचे नाव आहे, हा एक सुखद योगायोग.

अभ्यासक्रम एक झाला, पण शाळा एकसारख्या नव्हत्या. मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी, माण ही माहिती तंत्रज्ञानाच्या कारखानदारीने भरून गेलेली गावे, तर दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या घाटाकडील वाड्या, जेथे पटावर मूठभर मुले आणि एक-दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद, आवणीच्या दिवसांत मोठी मुले खाचरात. पुस्तक तेच, प्रश्नपत्रिकाही तीच. एका वेळी चार इयत्ता शिकविणाऱ्या शिक्षकाने धडा संपवावयाचा की मुलाला शिकवावयाचे, हा पेच प्रश्नपत्रिकेच्या गावीही नसतो.

१९५४-५५ पासून चौथी व सातवीसाठी स्कॉलरशिप परीक्षा सुरू झाली. खेड्यातील हुशार गरीब मुलांना तिने खरोखर हात दिला. पण तिचा एक दुष्परिणामही झाला. स्कॉलरशिपला बसणाऱ्या चार मुलांचे जादा तास होत आणि बाकीची मुले मागल्या बाकांवर निवांत राहत. गावात बोर्डावर नाव लागे ते त्या चौघांचे. २०१६-१७ मध्ये ही परीक्षा पाचवी व आठवीला नेण्यात आली. तयारीची रीत तीच राहिली.

ज्या इयत्तेला गावची शाळा संपते, तेथेच मूल गळते. चौथीनंतर एकदा आणि सातवीनंतर दुसऱ्यांदा, ही आपल्या जिल्ह्याची जुनी जखम. मुलगी असेल तर दुसऱ्या गावचे अंतर दुप्पट मोजले जाते.

संध्याकाळचे वर्ग

गळालेल्या मुलांचा विचार करणारा एक प्रयोग याच जिल्ह्यात झाला. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आणि डॉ. चित्रा नाईक यांच्या पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेने १९७९ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांत अनौपचारिक शिक्षणाचे वर्ग चालविले. दिवसा गुरे राखणाऱ्या, भावंडे सांभाळणाऱ्या, रानात जाणाऱ्या मुलामुलींसाठी हे वर्ग संध्याकाळी भरत. गावातलीच एखादी शिकलेली व्यक्ती शिकवी. अभ्यास त्यांच्या जीवनातील गोष्टींवर आधारलेला असे. येणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी होती, कारण दिवसाच्या शाळेने गमावले होते ते मुख्यतः त्यांनाच.

त्यांची परीक्षा बालजत्रेत होई. निरनिराळ्या गावांची मुले एकत्र जमत आणि खेळत, गात, वाचन-हिशेब करून दाखवीत. कोणाला काय येते ते मुलांना स्वतःलाच कळे आणि शिक्षकालाही. नापास होण्याची भीती नाही, फाटकही नाही. १८५३ च्या जाहीर परीक्षेशी या जत्रेचे नाते सांगता येईल.

अलीकडची वर्षे

१९९५ च्या प्राथमिक अभ्यासक्रमाने मुलाने कोणत्या क्षमता मिळवाव्यात हे इयत्तावार ठरविले. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आठवीपर्यंत कोणाला नापास करावयाचे नाही असे ठरले आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक म्हणजे वर्षभर चालणारे, आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटचे. विचार उत्तम होता, झाकिर हुसेन समितीच्या जवळचा होता. परंतु पुष्कळ पालकांनी त्याचा अर्थ 'परीक्षा गेली' असा घेतला, आणि कोठे कोठे नोंदवह्या भरणे हेच मूल्यमापन होऊन बसले. २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात भाषा व गणिताच्या पायाभूत चाचण्या सुरू झाल्या. २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नापास मुलाला पुनर्परीक्षेची संधी. तीतही उत्तीर्ण न झाल्यास त्याच वर्गात. फाटक परत आले.

दुसरीकडे नमुना पद्धतही आली. २०१७ व २०२१ ची राष्ट्रीय संपादणूक चाचणी आणि डिसेंबर २०२४ चे परख सर्वेक्षण यांत निवडक शाळांतील निवडक मुले तपासून जिल्ह्याचे चित्र काढले गेले. जिल्ह्याला आपले गुण कळतात. पण आपल्या सलीमला किंवा शबानाला काय येते, हे त्या अहवालात सापडणार नाही. ते काम त्या अहवालाचे नाहीच.

२०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार राज्यात सुरू झाला, तेव्हा आपल्या शेजारच्या पानशेतच्या समूह शाळेचा दाखला देण्यात आला. मोठी शाळा, अधिक शिक्षक, प्रयोगशाळा हे लाभ आहेतच. पण घाटातील वाडीवरून मुलगी तेथपर्यंत रोज कशी जाणार, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे. वाहन ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवसापासून ती घरी बसेल.

आपण काय करावे?

या दोनशे वर्षांत परीक्षेने अनेक कामे केली. तिने अनुदानाचा हिशेब दिला, नोकरीचे फाटक राखले, हुशार मुले निवडली, खात्याची कामगिरी मोजली. पालकाला आपल्या मुलाची खरी खबर देण्याचे काम तिने क्वचितच केले. ते काम पालकानेच मागून घ्यावयाचे आहे, आणि त्यासाठी स्वतः शिकलेले असण्याची गरज नाही.

महिन्यातून एकदा मुलाला पुस्तकाचे न शिकविलेले पान मोठ्याने वाचावयास सांगा. अडखळले तर कोठे अडखळले एवढे लक्षात ठेवा. बाजारातून आणलेल्या सामानाचा हिशेब त्याच्याकडून करून घ्या. मग शाळेत जाऊन गुरुजींना किंवा बाईंना "पास होईल ना?" असे न विचारता "याला भागाकार कधीपासून जमत नाही?" असे विचारा. असा प्रश्न विचारणारा पालक शिक्षकालाही हवाच असतो.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. आपली माणसे तेथे बसली पाहिजेत, आणि ती फक्त सहीपुरती बसता कामा नयेत. आपल्या भगिनींनी या बाबतीत पुढे यावे. मकतबाच्या उस्तादांनी आणि शाळेच्या शिक्षकांनी एकमेकांना भेटावे. मूल एकच आहे, सकाळचे वेगळे आणि दुपारचे वेगळे नाही. उर्दू शाळेतील मुलांच्या मराठीकडे आणि मराठी शाळेतील मुलांच्या उर्दूकडे समाजानेच लक्ष द्यावे. गावची शाळा जेथे संपते त्या वर्षी, म्हणजे मूल दुसऱ्या शाळेत जाताना, शिक्षणसंस्थेच्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नाव नवीन शाळेत लागले की नाही याची खात्री करावी. मुलींच्या बाबतीत तर दोनदा करावी.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक सांगणे आहे. गुणपत्रिकेतील आकडा तुमच्या एका दिवसाची बातमी देतो. वाचता येणे, समजून लिहिता येणे, हिशेब चोख येणे ही जन्मभराची मिळकत आहे. जोतीरावांनी खेड्यातल्या मुलांसाठी १८८२ मध्ये हेच मागितले होते.

पवित्र कुराणाचा अवतार ज्या शब्दाने झाला तो शब्द 'इक्रा', म्हणजे 'वाच'. तो ऐकणाऱ्या उम्मतच्या घरात मुलाला वाचता येते की नाही हे निकालाच्या कागदावरून कळण्याची वाट पाहिली जाऊ नये. यंदाच्या निकालाच्या दिवशी पेढे जरूर वाटावेत. त्याआधी मुलाला जवळ बसवून एक पान वाचून घ्यावे. अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो.